इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर होताना: घरी नक्की किती मुलं घेता येतात? (माझा अनुभव)

चाइल्डमाइंडर (म्हणजे स्वतःच्या घरी पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी) म्हणून रजिस्ट्रेशन झाल्यापासून सगळ्या मैत्रिणी एकच विचारतात, अगं घरी किती मुलं घेता येतात? उत्तर सहा. पण ते सहा म्हणजे तुम्हाला वाटतात तसे सहा नव्हेत.

इंग्लंडचा नियम असा की एका चाइल्डमाइंडरकडे एका वेळी 8 वर्षांखालची जास्तीत जास्त 6 मुलं, त्यातली लहान जास्तीत जास्त 3, आणि त्या तिघांत वर्षाच्या आतलं एकच. लहान म्हणजे पाचवा वाढदिवस झाल्यावर जो 1 सप्टेंबर येतो तोपर्यंतचं मूल. आणि यात आपली स्वतःची पोरंपण धरायची! माझा मुलगा 7 चा, मुलगी अडीचची, म्हणजे धंदा सुरू व्हायच्या आधीच दोन जागा घरच्यांनीच खाल्ल्या. लहानांच्या तीनपैकी राहिल्या दोन, खरी मागणी तिथेच, कारण शाळेत न जाणाऱ्या बाळांच्याच आया नोकरीवर परतायला बघत असतात.

प्रोसेसबद्दल थोडक्यात. ऑफस्टेडकडे (शाळा आणि पाळणाघरं तपासणारी इंग्लंडची सरकारी संस्था) ऑनलाइन अर्ज, लहान मुलांचा पेडिअ‍ॅट्रिक फर्स्ट एडचा 12 तासांचा कोर्स (दर 3 वर्षांनी परत), डॉक्टरकडून हेल्थचा फॉर्म, इन्शुरन्स, आणि घरात राहणाऱ्या 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाचा डीबीएस चेक (गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणारी तपासणी), म्हणजे नवऱ्याचापण. आम्ही इकडे येऊन पाच वर्षं झाली नव्हती म्हणून भारतातलं पोलीस क्लिअरन्सपण लागलं. बाकी सगळं पटापट झालं, वेळ खाल्ला तो याच कागदाने. तुम्ही नवीन आला असाल तर आधी त्याच्या मागे लागा, कोर्स नंतर केला तरी चालतो.

मग घर बघायला इन्स्पेक्टर बाई आल्या. मी किचन घासून पुसून ठेवलेलं, जिन्याला गेट, औषधं वरच्या कपाटात, आणि बाईंचा सगळा रोख भलतीकडेच. दुपारी साडेतीनला तुमच्या घरात कोण कोण असेल, सांगा. मी वहीत वयं आणि वेळा लिहून ठेवलेल्या म्हणून निभावलं. सकाळी मुलगा शाळेत, घरी माझी मुलगी आणि दोन लहान. साडेतीनला मुलगा परत, तेव्हा शाळेतली अजून दोन घेता येतात, झाले सहा. शाळेत पूर्ण दिवस जाणारं 4-5 वर्षांचं मूल फक्त शाळेआधी, नंतर किंवा सुट्टीत येत असेल तर ते तीन लहानांसोबत जास्तीचं घेता येतं, पण एकूण सहाच्या वर काही झालं तरी नाही. जागापण मोजतात, दोन वर्षांखालच्या मुलाला 3.5 चौरस मीटर, दोन वर्षांच्याला 2.5, तीनच्या पुढे 2.3. आमच्या हॉलमधला मोठा सोफा त्यासाठीच गेला, नवरा अजून कुरकुरतो.

एका ओळखीच्या बाईंची जुळी होती, आठ महिन्यांची. मला वाटलं हे काही जमणार नाही, वर्षाच्या आतलं एकच ना. पण भावंडं असतील तर अपवाद करता येतो, फक्त सगळ्या मुलांकडे नीट लक्ष देता येतंय हे तुम्हाला पालकांना आणि इन्स्पेक्टरला पटवून देता आलं पाहिजे. मी विचार केला आणि नाही म्हटलं. दोन रांगती बाळं, वर माझी अडीच वर्षांची, आणि दुपारी शाळेतून आणायला तिघांना घेऊन निघायचं, पावसात! कागदावर बसतंय म्हणून हातांना झेपेलच असं नाही.

आणि हे आकडे फक्त इंग्लंडचे हं. वेल्समधल्या कार्डिफच्या मैत्रिणीला 12 वर्षांपर्यंतची 10 घेता येतात, त्यातली 8 वर्षांखालची जास्तीत जास्त 6. स्कॉटलंडचं अजून वेगळं. त्यामुळे ग्रुपवर कोणी आकडा टाकला की आधी विचारा, बाई तू राहतेस कुठे.

पुण्यात मावशीच्या पाळणाघरात सतरंजीवर दहाबारा पोरं झोपलेली असायची, कोणी मोजायचं नाही. आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं मग पैसे काय सुटणार त्यात? खरंय, म्हणून मी आता वाढदिवस बघून जागा देते. मार्चमध्ये मुलगा 8 चा झाला की तो मोजणीतून सुटेल (त्याच्यामुळे बाकीच्यांकडे दुर्लक्ष होत नाही एवढं बघायचं), शाळेनंतरची ती जागा समोरच्या गल्लीतल्या एका आईने आत्ताच धरून ठेवलीय.