कागदाची तहान

चिनी फुलचित्रांसाठी वापरतात तो श्वेन कागद एका स्नेह्यांनी आणून दिला, तेव्हा शाळेपासूनच्या जलरंगांच्या सवयीवर विसंबून मी लगेच कमळाची पाकळी काढायला बसले. कुंचला टेकवला, कड कुठे वळवावी याचा विचार करत क्षणभर थांबले आणि तेवढ्यात पाकळीच्या जागी बटाट्याएवढा गुलाबी डाग पसरला. हा कागद रंग पितो हे ठाऊक होते. तो इतका तहानलेला असेल असे वाटले नव्हते.

आन्हुई प्रांतातल्या जिंग परगण्यात छिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून हा कागद हाताने करतात. त्यावर सरस आणि तुरटीचे पाणी फिरवले की त्याची तहान मरते. मग केसासारख्या रेषेने फूल आखून आत पातळ रंगाचे थर सावकाश चढवता येतात. या रेखीव पद्धतीला गोंगबी म्हणतात. कच्चा कागद मात्र थांबू देत नाही, आणि एकदा पडलेला फटकारा पुसूही देत नाही. त्यावर मोजक्या फटकाऱ्यांत फुलाचा भाव उतरवायचा, ती श्येयी. ची बाइशी (१८६४–१९५७) या चित्रकाराने दोन्ही रीती एकाच कागदावर नांदवल्या: फूल ढोबळ, आणि शेजारच्या चतुराच्या पंखांतली जाळी मात्र मोजून घ्यावी इतकी बारीक.

शाई करणे हा या साऱ्यातला मला जमणारा एकमेव भाग. काजळी आणि सरस यांची कांडी दगडावर पाण्याचे थेंब घालून गोल गोल उगाळायची. देवघरातली सहाण आठवल्यावाचून राहत नाही, फक्त माझ्या कांडीला चंदनाऐवजी कापराचा पुसट वास आहे. पाकळीसाठी कुंचला आधी फिक्या गुलाबी पाण्यात भिजवायचा, नुसते टोक दाट किरमिजी रंगात बुडवायचे आणि आडवा धरून दाबत ओढायचा. टोकाशी गडद, बुडाशी फिकट अशी पाकळी एका दमात उमटते, म्हणजे उमटायला हवी. बाह्यरेषा नसलेल्या या रीतीला मोगू, म्हणजे ‘हाडांविना’, असे नाव आहे आणि सतराव्या शतकातल्या युन शौपिंग या चित्रकाराची फुले तिच्यासाठीच नावाजली गेली. कमळाच्या पानावरच्या शिरा पान अर्धवट ओले असताना काढायच्या असतात: घाई केली तर त्या विरघळतात, उशीर झाला तर वरून चिकटवल्यासारख्या दिसतात.

रंगांवाचूनही भागते हे श्यू वेई (१५२१–१५९३) या चित्रकाराने दाखवले, आणि मला तोच अधिक जवळचा वाटतो. पिओनी हे चीनमध्ये श्रीमंतीचे, मानमरातबाचे फूल. सात वर्षे तुरुंगात काढलेल्या आणि उतारवयात चित्रे विकून कसेबसे दिवस ढकलणाऱ्या या माणसाने ते निव्वळ काळ्या शाईत रंगवले. पाणी जास्त तिथे पाकळी धुक्यासारखी करडी, पाणी कमी तिथे गर्द काळी. ज्या तहानेने माझी पाकळी गिळली, तिच्यावरच त्याने आपल्या पाकळ्यांच्या मऊ कडा बिनघोर सोपवल्या होत्या.

हे सारे आठवून, निदान त्या डागाला शिरा काढून त्याचे पान तरी करावे म्हणून मी पुन्हा कुंचला उचलला, पण तोवर तो डाग खडखडीत वाळला होता.