बूट निघाला त्या दिवशी

घोट्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी पायातला वॉकिंग बूट, म्हणजे घोटा हलू न देणारा कडक बूट, निघाला आणि मी आधी पोटरीकडे पाहिलं. उजवी पोटरी डावीपेक्षा इतकी बारीक झाली होती की डोळ्यांत पाणी आलं. माझा घोटा वारंवार मुरगळायचा. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, सैल पडला होता, तो सर्जननी घट्ट करून पुन्हा हाडाला शिवला. दुखणं खरं कळलं ते पहिल्या रात्री, नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा, असर उतरल्यावर. पण त्याहून जड गेलं ते कुबड्या घेऊन थांबून राहणं. खिडकीतून कुणी पळताना दिसलं की मी पडदा ओढायचे.

आता फिजिओथेरपीत एका पायावर ३० सेकंद उभं राहायचं असतं. मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर पळालेली मी, काल १२ सेकंद टिकले. घोटा थरथरत होता, पण मुरगळला नाही.