तुम्ही विचारलंत म्हणून : ताई, ह्या गोळ्यांची सवय तर नाही ना लागणार?

परळला मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहायला लागून मला आता १९ वर्षं झाली. पित्ताची, तापाची, शुगरची गोळी मागताना कोणाचा आवाज खाली येत नाही, पण डिप्रेशनच्या गोळीची चिठ्ठी असली की माणूस आधी बाजूचं गिऱ्हाईक जायची वाट बघतो, घडी न उघडताच चिठ्ठी पुढे सरकवतो, आणि पैसे देऊन पायरी उतरता उतरता मागे वळून विचारतो, ताई, ह्यांची सवय तर नाही ना लागणार? कोणी आईसाठी विचारतं, कोणी मुलीसाठी, बरेचसे स्वतःसाठीच. मागे लाइन असते, दोन वाक्यांत सांगून होत नाही, आणि अर्धवट ऐकलेला माणूस घरी जाऊन अर्धवटच वागतो. म्हणून एकदा नीट बसून लिहितेय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आणि ह्याच गोळ्या मी स्वतः दीड वर्ष घेतल्यात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

पहिलं म्हणजे स्ट्रिपवर नाव काय आहे ते वाचा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ह्या डिप्रेशनच्या गोळ्या. दारूसारखी तलफ, रोज डोस वाढवावासा वाटणं, गोळीसाठी जीव कासावीस होणं, हे त्यांनी होत नाही. पण आपल्याकडे बऱ्याचदा सुरुवातीला सोबत क्लोनाझेपाम देतात, कधी वेगळी, कधी एकाच गोळीत मिसळलेली. तिचं काम घबराट आणि झोप, असर अर्ध्या-पाऊण तासात, आणि हिची सवय खरोखर लागते, म्हणून ती साधारण काही आठवड्यांपुरतीच असते. घोळ असा होतो की लोक दोघींना एकच समजतात, आणि जी पुढे चालू ठेवायची ती बंद करून जिने लगेच बरं वाटलं ती जुन्या चिठ्ठीवर मागत राहतात. एका बाईंनी तर 'झोपेची तेवढी द्या, डिप्रेशनची नको, तिची सवय लागते' असं मला सांगितलं होतं, नेमकं उलटं. त्यांना बसवून चहा दिला, सगळं समजावलं, परत डॉक्टरकडे पाठवलं. (क्लोनाझेपामही बरेच दिवस घेतली असेल तर एकदम सोडायची नाही, फिट येऊ शकते.)

आता ती गोळी करते काय. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांमधून, त्यातलं एक सेरोटोनिन. निरोप पोचला की ज्या पेशीने ते सोडलं तीच ते परत ओढून घेते. गोळी ही परत ओढायची वाट अडवते, त्यामुळे सेरोटोनिन दोन पेशींच्या मधल्या फटीत जास्त वेळ राहतं. हे पहिल्या काही तासांतच होतं. मग बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी सहा-आठ, का लागतात? म्हणजे नुसतं रसायन कमी होतं, ते भरून काढलं, एवढी सोपी गोष्ट नाहीये ती, टाकीत पाणी कमी होतं म्हणून नळ सोडला असं नाही. वाढलेल्या सेरोटोनिनला पेशी हळूहळू जुळवून घेतात, त्यांच्यातली जोडणी बदलते, आणि ह्याला वेळ लागतो. तुमचं सेरोटोनिन कमी झालंय असं दाखवणारी रक्ताची टेस्टही नसते, तेव्हा कोणी तशी करायला सांगितली तर पैसे वाचवा.

उपयोग होतो का, हेही विचारतात. २०१८ साली २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं होती त्यात, आणि सगळी २१ औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फरक सरासरी मध्यमच. कोणाला पहिलीच लागू पडते, कोणाची बदलावी लागते, कोणाला गोळीपेक्षा बोलण्याची थेरपी जास्त उपयोगी पडते, कोणाला दोन्ही लागतात.

डिप्रेशनच्या अगदी पहिल्या औषधांपैकी एक टीबीतून सापडलं हे मला कॉलेजात शिकताना फार भारी वाटलं होतं, कारण शिवडीचं टीबी हॉस्पिटल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १९५२च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं नवीन औषध देत होते, आणि मरणाची वाट बघत पडलेली माणसं उठून जेवण मागायला लागली, वॉर्डात नाचायला लागली. तिथून डॉक्टरांचं लक्ष वेधलं गेलं. पुढे लिव्हर खराब होतं म्हणून ते औषध मागे पडलं. पण ह्याचा एक धागा आजही मुंबईत कामाला येतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला जी लिनेझोलिड देतात, तिच्यात इप्रोनियाझिडसारखाच सेरोटोनिन मोडू न देण्याचा थोडा गुण आहे, आणि ती डिप्रेशनच्या गोळीबरोबर घेतली तर सेरोटोनिन अंगात धोकादायक वाढू शकतं. घाम, थरथर, ताप, पोट सुटणं, भ्रमिष्टासारखं वागणं, असं झालं तर थेट हॉस्पिटल. दुखण्यावरची ट्रामाडोल आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन ह्यांचंही तेच. म्हणून 'खोकल्याला काहीतरी द्या' म्हणताना आधी मला सांगा तुम्ही कोणती गोळी घेताय, मी कोणापुढे नाव घेणार नाही. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन चालू असेल तरी सांगा, दोन्हीने मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता माझं सांगते. २०१६ला मलाच डिप्रेशन आलं, कारण लिहायची गरज नाही, पण सकाळी दात घासायला उठणंसुद्धा डोंगर चढण्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम पाच मिलिग्रॅमची दिली, आठवड्याने दहाची. पहिले आठ दिवस नुसती मळमळ, कारण शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन असतं आतड्यात, डोक्यात थोडंसंच, हे मी दुसऱ्यांना समजावून सांगायचे आणि स्वतःवर आलं तेव्हा वाटलं गोळी सोसत नाहीये, फेकून द्यावी. नाश्त्यानंतर घ्यायला लागले, कमी झालं. पाचव्या आठवड्यात एक दिवस मी आपणहून डब्याला भेंडी चिरायला बसले आणि नवरा दारात उभा राहून बघतच राहिला.

आणि मग सहाव्या महिन्यात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मी गोळी बंद केली. एकदम. कोणालाही न विचारता. इतकं छान वाटत होतं की आता कशाला, आणि मनात तीच भीती, सवय लागली तर? मी, जी रोज लोकांना सांगते. तिसऱ्या दिवशी दादरच्या पुलावर मान वळवली आणि डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं झालं, झण्ण, मग परत झण्ण, कठडा धरून उभी राहिले, मागून लोक ढकलतायत. रात्री विचित्र स्वप्नं, दिवसा मुलांवर ओरडणं. घरच्यांना वाटलं बघ, सवय लागलीच, मलाही तसंच वाटलं. पण ती सवय नव्हती हो. महिनोन्‌महिने मेंदूने त्या गोळीशी जुळवून घेतलेलं असतं आणि आपण एका रात्रीत ती काढून घेतो, त्याचा तो झटका. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ह्या डिप्रेशनच्याच गोळ्यांमध्ये हा जास्त येतो, फ्लुओक्सेटिन अंगात खूप दिवस रेंगाळते म्हणून तिचा कमी. तलफ वेगळी आणि हे वेगळं, आणि हा फरक कळला नाही की माणूस घाबरून एकतर कायमची घेत बसतो नाहीतर एकदम सोडून आजार परत ओढवून घेतो. डॉक्टरांनी परत चालू केली, पुढे वर्षभर दिली, आणि मग कित्येक आठवडे लावून उतरवत आणली. तेव्हा काही झालं नाही.

म्हणून बरं वाटायला लागल्यावरच जास्त सांभाळा. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर पूर्ण बरं झाल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, परत परत येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. कायमची सगळ्यांनाच लागत नाही. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम नको. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात, तेव्हा शेवटची गोळी उरल्यावर नाही, आठवडाभर आधी या. आणि पाच-पाच गोळ्या कापून नेऊ नका ना, कात्री लागली की नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, घरी गेल्यावर कोणती कशाची हेच कळत नाही. दारू नको. नवराबायकोच्या संबंधात इच्छा कमी होणं, उशीर लागणं हे ह्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना होतं, लाजून गोळी बंद करतात, तसं करू नका, डॉक्टरला सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. गरोदर राहिलात तरी आपल्या मनाने बंद नाही, आधी विचारा.

आणि दोन गोष्टी घरच्यांसाठी. पंचवीसच्या आतल्या मुलामुलींमध्ये पहिल्या काही आठवड्यांत, किंवा डोस बदलल्यावर, अस्वस्थपणा आणि जीव द्यायचे विचार वाढू शकतात, तेव्हा त्यांच्याजवळ राहा, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, थोडंही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलीमानस हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. दुसरं, गोळी चालू केल्यावर कोणी झोपेशिवाय तरतरीत, न थांबता बोलतोय, वारेमाप खर्च करतोय, तर 'वा, बरा झाला' म्हणून खूश होऊ नका, तो बायपोलार (कधी खूप उदास, कधी असा अति उत्साह, हा आजार) असू शकतो आणि मग औषधच वेगळं लागतं.

त्या झोपेच्या गोळीवाल्या बाई, ज्यांना मी चहा दिला होता, त्या गेल्या आठवड्यात आल्या होत्या. मोबाईलमध्ये कालनिर्णयच्या पानाचा फोटो होता, दुधाच्या लिटरच्या आकड्यांमध्येच पेनाने लिहिलेलं, अमुक सोमवारपासून दहाची पाच, पुढे पाचाची अर्धी, डॉक्टरांनी सांगितलं तसं. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी आवाज खाली न आणता फोटो माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, ताई, पाचची द्या, एक अख्खी स्ट्रिप, कापू नका.