प्रागमधले साडेतीन दिवस

ड्रेस्डेनहून प्रागला जाणार असाल तर गाडीत डाव्या बाजूच्या खिडक्या आरक्षित करा. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण ऐन वेळी गाडीत चढून हे जमत नाही. शहर मागे पडलं की एल्ब नदी डावीकडे येते आणि सीमा ओलांडेपर्यंत सोबत राहते. पलीकडच्या काठावर वालुकाश्माचे उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी एखादं गाव, चर्चचा मनोरा, बांधलेल्या होड्या. चेक हद्दीत तिलाच लाबे म्हणतात, आणि पुढे प्राग जवळ आलं की खिडकीत प्रागची नदी व्लतावा येते. अडीच तासांचा प्रवास, पण आम्ही चौघींनी डबे उघडले ते थेट शेवटच्या अर्ध्या तासात.

आम्ही चौघी म्हणजे सांगलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. रेखा गेली वीस वर्षं ड्रेस्डेनला असते. सुनंदा, शबाना आणि मी तिच्याकडे गेलो होतो. तारखा ठरल्या २५ ते २८ सप्टेंबर, गुरुवार ते रविवार. नेमकं नवरात्र. सुनंदाचे नऊ दिवसांचे उपवास असतात आणि ती ते मोडणार नव्हती. तिने राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचा कूट आणि सैंधव मिठाची पुडी बरोबर घेतली होती. रेखाने तिला गाडीतच एक शब्द पाठ करून दिला: ‘ब्रांबोरी’, म्हणजे बटाटे. ‘वार्झेने ब्रांबोरी’ म्हटलं की उकडलेले बटाटे मिळतात. बटाट्याचं सॅलड मात्र मागवू नका, त्यात अंडं आणि मेयोनेज असतं. मांसाहार न करणाऱ्यांसाठी दुसरा शब्द ‘बेझ मासा’. मराठी कानाला तो मासळीबद्दल वाटतो, पण त्याचा अर्थ ‘मांसाविना’. चेक ‘मासो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. आकडेही ओळखीचे वाटतात: दोन, तीन, चार म्हणजे द्वा, त्रझी, च्तिर्झी. शबाना दिवसभर तेच म्हणत होती.

स्टेशनात उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. खालचा भाग कुठल्याही मोठ्या स्टेशनासारखा, दुकानांचा आणि गर्दीचा. वरच्या मजल्यावर १९०९ सालचा जुना घुमट आहे, योसेफ फांटा या वास्तुविशारदाचा. दोन मिनिटं मान वर करून उभं राहण्याइतका तो नक्कीच सुंदर आहे.

ट्राम, मेट्रो आणि बस यांना एकच तिकीट चालतं. तीन दिवसांसाठी ७२ तासांचं तिकीट काढलं की प्रश्न मिटतो. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाला पिवळ्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात. ट्राममध्ये बँकेचं कार्ड टेकवूनही तिकीट निघतं. विमानाने येणाऱ्यांनी ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस पकडून नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्टेशनावर उतरावं. तेच तिकीट तिथेही चालतं.

पैशांचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे आम्हाला झटका बसला. चेकियात युरो नाही, कोरुना आहे. शबानाने जुन्या गावठाणातल्या एका खिडकीवर ‘शून्य कमिशन’ची पाटी वाचून १०० युरो बदलले. हातात आलेल्या नोटा मोजल्यावर कळलं की कमिशन नसलं तरी भाव भलताच पडेल होता. तिचा चेहरा उतरला. रेखाला मात्र कायदा ठाऊक होता: २०१९ पासून, १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून, कारण न सांगता रद्द करता येतो. आम्ही चौघी पावती घेऊन परत गेलो. खिडकीतल्या माणसाने एकदा मान हलवून पाहिली, मग मुकाट्याने युरो परत दिले. तेव्हा पावती फेकू नका. खरं तर रोख फारशी लागतच नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. एटीएमने ‘तुमच्या चलनात हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी थोडी नाणी जवळ असू द्या.

गुरुवारची दुपार जुन्या चौकात गेली. खगोलीय घड्याळाखाली दर तासाला माणसांचा गराडा पडतो. सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य एकेक करून जातात आणि मिनिटाभरात सगळं संपतं. बहुतेक लोक तेवढं टिपून निघून जातात. तुम्ही मात्र गर्दी पांगल्यावर थांबा. सुनंदाच्या माहेरी पंचांगाचं काम चाले, आणि या तबकडीसमोर ती अर्धा तास हलली नाही. १४१० साली मिकुलाश या घड्याळजीने बनवलेलं हे यंत्र म्हणजे फिरतं पंचांगच आहे. सूर्य लावलेला काटा राशीचक्रावरून सरकतो. बाहेरच्या कड्यावरचे आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात. जुना चेक दिवस मावळतीला सुरू व्हायचा. सूर्य तुळेच्या आरंभी दिसत होता. ‘अगं, आपल्याकडे तर अजून कन्येत आहे,’ मी म्हटलं. सुनंदाने समजावलं: हे सायन गणित, संपातबिंदूपासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य असतो तिथून) राशी मोजणारं, आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांच्या आधाराने मोजणारं. दोन्हींत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे. घड्याळ आणि पंचांग दोन्ही बरोबर. लोक सांगतात की असं घड्याळ दुसरीकडे होऊ नये म्हणून कारागिराचे डोळे काढले. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपणही ऐकलेली असते, दोन्हीही दंतकथाच.

हे घड्याळ ज्या इमारतीवर आहे, त्या जुन्या टाऊन हॉलच्या मनोऱ्याशेजारी फरशीत २७ पांढरे क्रॉस आहेत. शेकडो पाय त्यांच्यावरून जातात. २१ जून १६२१ रोजी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या २७ पुढाऱ्यांना इथे मारलं, आणि त्यांतल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षं टांगून ठेवली. आम्हीही एका क्रॉसवर उभ्या राहून फोटो काढत होतो. कळल्यावर नकळत मागे सरलो.

शुक्रवारी पहाटे सव्वासहाला आम्ही चार्ल्स पुलावर होतो. माझं ऐका, हा पूल दिवसा पाहूच नका. दहानंतर तिथे आषाढीच्या वाळवंटासारखी गर्दी असते, मूर्तींकडे बघायला थांबलात तरी मागून धक्का बसतो. पहाटे धुकं नदीवर बसलेलं होतं, दिवे अजून लागलेले, आणि पूर्ण ५१६ मीटर लांबीवर आमच्याशिवाय जेमतेम दहा माणसं. बाजूंच्या तीस मूर्ती काळ्या आकृतींसारख्या उभ्या होत्या (बऱ्याच आता प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती संग्रहालयात). राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये बांधकाम सुरू केलं. चुन्यात अंडी घातली होती असं सांगतात, आणि एका गावाने ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली अशी गोष्टही आहे. आपल्या गडांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळं असल्याचं ऐकत मोठ्या झालेल्या आम्हाला ती फार आवडली. सातच्या सुमारास सूर्य वर आला, मनोऱ्यांची टोकं तांबूस झाली आणि कुणी काही बोललं नाही.

मग योसेफोव्ह, जुनी ज्यू वस्ती. इथली संग्रहालयं शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी बंद असतात. कार्यक्रम आखताना हे आधी बघा. पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या, नाझींच्या छळात मारल्या गेलेल्या ८०,००० च्या आसपास ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. आडनाव लाल अक्षरांत, पुढे नाव, जन्मतारीख, आणि शेवटची ठाऊक असलेली तारीख. दुरून भिंत करडी दिसते. जवळ गेलं की एकेक माणूस वाचता येतो. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी बंदिवासातल्या ज्यू मुलांची चित्रं आहेत: फुलपाखरं, घरं, रांगेत उभी माणसं. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार त्यांना तिथे चित्रकला शिकवायची. १९४४ मध्ये तिला आउश्विट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं, पण जाण्याआधी तिने सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली होती. त्यामुळे ती चित्रं टिकली. रेखा प्राथमिक शाळेत शिकवते. ती तिथून बाहेर आली तेव्हा तिला पाणी दिलं आणि आम्ही तिघी शेजारी नुसत्या बसून राहिलो. या ठिकाणानंतर लगेच दुसरं तिकीट काढू नका. शेजारचं जुनं दफनस्थान त्याच भेटीत येतं, तेही हळू चाला. जागा नसल्याने थरांवर थर पुरलेले, म्हणून हजारो दगड एकमेकांना टेकून उभे आहेत.

त्यानंतर आम्ही चेख पूल ओलांडून लेत्नाच्या टेकडीवर चढलो. मोकळी हवा हवीच होती. वर एक मोठा मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारा लंबक, हलत असतो. त्या चौथऱ्यावर १९५५ मध्ये स्टालिनचा अवाढव्य पुतळा उभा केला होता आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून पाडला. प्रागचे पूल एकामागे एक दिसावेत तर इथूनच.

बागेतून पंधरा मिनिटांवर राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालय आहे (सोमवारी बंद). इथे जाण्याचा हट्ट शबानाचा. तिच्या अब्बांकडे जावा मोटारसायकल होती, म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेली. तिच्यावर बसून त्यांनी आम्हा चौघींना आळीपाळीने कॉलेजला सोडलेलं आहे. जावाचं मूळ प्रागचं, १९२९ चं. यानेचेक (Janeček, चेक J चा उच्चार ‘य’) या कारखानदाराचं ‘जा’ आणि वांडरर या जर्मन गाडीचं ‘वा’. वाहनांच्या भल्या उंच दालनात छताला विमानं टांगलेली, खाली रेल्वे इंजिनं, आणि जुन्या मोटारसायकलींमध्ये जावा. शबानाने व्हिडिओ कॉल लावला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अब्बांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘किक डावीकडंच हाय न्हवं?’ डावीकडेच होती. किक मारायची आणि तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे. मग पाच मिनिटं त्यांनी आम्हाला फोन इकडे फिरवा, तिकडे फिरवा असं करत सगळी गाडी पाहून घेतली.

शनिवारी सकाळी नाप्लाव्का, म्हणजे नदीकाठच्या धक्क्यावरचा शेतकऱ्यांचा बाजार. आठला सुरू होतो, लवकर गेलेलं बरं. द्राक्षं, अक्रोड, मध, आणि निळसर गर्द आलुबुखारं. सुनंदाची दोन दिवसांची सोय झाली. बाकी तिघींनी त्या दुपारी फळांचे क्नेडलिकी खाल्ले: पिठाच्या उंड्यात आख्खं आलुबुखार, वरून चक्क्यासारखं चीज, साखर आणि पातळ केलेलं लोणी. उकडीच्या मोदकाची चुलत बहीण म्हणावी अशी चव. तिथे ते गोड म्हणून नाही तर जेवण म्हणून खातात, त्यामुळे एका बशीत दोघींचं भागतं. रस्त्यावर पिठाची गोड गुंडाळी निखाऱ्यावर फिरवून विकतात ते त्र्देलनिक प्रागचं पारंपरिक खाणं नव्हे. त्याच्या रांगेत वेळ घालवू नका. ‘स्माझेनी सिर’, म्हणजे तळलेलं चीज, शाकाहाऱ्यांना कुठेही मिळतं.

टेकडीवरच्या प्रागच्या किल्ल्यावर खालून चढू नका. २२ नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेट्सला उतरा आणि वरून खाली या. गुडघे दुवा देतील. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, इमारतींचं तिकीट दोन दिवस चालतं. पर्यटकांसाठी आवारातलं कॅथेड्रल रविवारी दुपारी बारानंतर उघडतं. १३४४ मध्ये सुरू झालेलं हे सेंट व्हिटस पूर्ण झालं १९२९ मध्ये. आत डावीकडे आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराने रेखाटलेली रंगीत काचेची खिडकी आहे; तिचे निळे-सोनेरी रंग थांबून बघण्यासारखे आहेत. जुन्या राजवाड्यात आणखी एक खिडकी आहे, साधीच. २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदारांनी हाब्सबुर्ग बादशहाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला तिच्यातून खाली फेकलं. तिघेही वाचले, पण तीस वर्षांचं युद्ध पेटलं. गुरुवारी ज्या क्रॉसवर उभ्या होतो त्यांची सुरुवात ही, हे मला तिथे उभं राहिल्यावर उमगलं. जमल्यास तुम्ही उलट क्रमाने बघा: आधी खिडकी, मग चौक.

रस्ते सगळे घडीव दगडांचे. जाड तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट घाला. आणि एक विनंती, प्रागबरोबर व्हिएन्ना किंवा बुडापेस्ट त्याच चार दिवसांत कोंबू नका. आम्हाला साडेतीन दिवसही पुरले नाहीत.

रविवार, २८ सप्टेंबर, चेक लोकांचा संरक्षक संत सेंट वाक्लाव याचा दिवस, चेकियात राष्ट्रीय सुट्टी. वाक्लाव चौकात त्याच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी लोक फुलं ठेवत होते. तिथून वर, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, फरशीतून वर येणारा एक वितळल्यासारखा ब्राँझचा क्रॉस आहे. १६ जानेवारी १९६९ रोजी यान पालाख या विद्यार्थ्याने १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ इथे स्वतःला पेटवून घेतलं. वीस वर्षांचा होता. सुनंदाने देवीसाठी घेतलेल्या शेवंतीतली दोन फुलं त्या क्रॉसजवळ ठेवली.

त्या दिवशी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, हे आम्हाला रेखामुळे ठाऊक होतं. तुम्हीही गाडीतलं खाणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. परतताना खिडक्या उजव्या बाजूच्या घ्या. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, सीमा ओलांडल्यावर जर्मन पोलिसांनी डब्यात येऊन सगळ्यांचे पाहिले. ते गेल्यावर सुनंदाने उरलेली द्राक्षं रुमालावर मांडली, आणि नदी परत खिडकीत आली.