उजनी ‘मायनस’मध्ये गेली म्हणजे काय?

उन्हाळा लागला की सोलापूरकर पेपरात आधी उजनीची टक्केवारी बघतात, मग राजकारण. परवा पुण्याच्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, “धरण मायनसमध्ये म्हणजे पाणी उसनं आणता की काय गं?”

तर जाऊबाई, भीमेवरच्या या धरणात एकूण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी हात न लावायचं पाणी (गाळही त्यातच आला). टक्के मोजायचे ते त्याच्यावरचे. म्हणजे पेपरात शून्य छापून येतं तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी खाली असतंच. त्यालाही हात घातला की मायनस.

धरण पूर्ण झालं १९८० साली. वीज फक्त १२ मेगावॉट, पण यंत्र भारी: उलटं फिरवून खालचं पाणी परत वर चढवता येतं. तरी इथं खरा मान उसाचाच, विजेला कोण विचारतो!

पाणी फारच आटलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि बघ्यांची जत्रा भरते. आमच्या नळाला मात्र उजनी शंभर टक्के असो की मायनस, पाणी चार-पाच दिवसांआडच. बॅरल आधी घासून ठेवायचं.