युद्धाला विरोध करा, असं खासदाराला सांगायचं असतं

इथे मतदार यादीत नाव घालायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत राष्ट्रकुलातला देश आहे, त्यामुळे रीतसर व्हिसावर राहणारा भारतीय नागरिकही ब्रिटनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. मला हे कौन्सिलकडून आलेल्या एका फॉर्मवरून कळलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "नोकरी करा, चार पैसे गाठीला बांधा. त्यांच्या राजकारणात तुम्हाला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी?"

उठाठेव सुरू झाली ऑगस्ट 2013 मध्ये. दमास्कसजवळच्या घौता भागात 21 तारखेला रासायनिक हल्ला झाला, शेकडो माणसं मेली, आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सुट्टीवर गेलेलं पार्लमेंट 29 तारखेला परत बोलावलं. सीरियावर लष्करी कारवाई करायला तत्त्वतः मान्यता द्या, असा ठराव होता. आमच्या शेजारच्या आजी निवृत्त शिक्षिका, एरवी कुंपणावरून गुलाबांच्या छाटणीबद्दल बोलणाऱ्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "खासदाराला लिहिलंस का?" मला वाटलं, सह्यांची मोहीम असेल. तसं नव्हतं. त्यांनी नीट बजावलं: कुणीतरी तयार केलेला मजकूर चिकटवू नकोस, त्याच्या ऑफिसात तसल्या पत्रांचा एकच गठ्ठा होतो. स्वतःच्या शब्दांत लिही, आणि खाली घराचा पत्ता पोस्टकोडसकट घाल. पत्र आपल्याच मतदारसंघातलं आहे ना, हे ते आधी बघतात. दुसऱ्याच्या मतदाराला उत्तर द्यायचं नाही, अशी इथल्या खासदारांची पक्की रीत आहे.

आजी 2003 च्या मोर्च्यातल्या. इराक युद्धाच्या विरोधात 15 फेब्रुवारीला लंडनमध्ये निघालेला तो मोर्चा. पोलिसांचा आकडा साडेसात लाखांचा, आयोजकांचा वीस लाखांपर्यंत. हाइड पार्कपर्यंत पोचायला त्यांना संध्याकाळ झाली होती म्हणे. त्यानंतर महिनाभर खासदारांवर पत्रांचा मारा चालला होता. परराष्ट्रमंत्रिपद सांभाळलेले रॉबिन कुक युद्धावरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. टाळ्या वाजवायची पद्धत नसलेल्या त्या सभागृहात त्यांच्या भाषणानंतर टाळ्या झाल्या. आणि 18 मार्चला युद्धाचा ठराव 412 विरुद्ध 149 मतांनी मंजूर. दोन दिवसांत बाँब पडायला लागले.

मग एवढं चालून काय मिळालं, असं मी आजींना विचारलं. "माझ्या खासदाराला दहा वर्षं झोप लागली नाही," एवढंच त्या म्हणाल्या. यात अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. मतदानाच्या त्या रात्री तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याच पक्षाचे 139 खासदार पक्षादेश मोडून, युद्धाची बाजू सिद्ध झालेली नाही असं म्हणणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने गेले होते. ज्यांचं कारण देऊन इराकवर हल्ला केला, ती महासंहारक शस्त्रं पुढे काही सापडली नाहीत. ज्यांनी 'हो' म्हटलं होतं त्यांना प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक दारात तोच प्रश्न ऐकावा लागला. 2013 ची पत्रं पोचली ती हा प्रश्न ऐकून पोळलेल्या माणसांच्या हातात.

2013 चा सीरियाचा ठराव 285 विरुद्ध 272 मतांनी पडला. विरोधी मजूर पक्ष विरोधात होताच, पण कॅमेरून यांचे स्वतःचे 30 खासदार आणि मित्रपक्षाचे 9 जण त्या बाजूला गेले नसते तर सरकार आरामात जिंकलं असतं. कॅमेरून तिथल्या तिथे उठून म्हणाले की लोकांना हे नको आहे हे मला कळलं, सरकार तसंच वागेल. दोनच दिवसांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनीही आपण आधी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची मान्यता मागणार असल्याचं जाहीर केलं.

तो निर्णय बरोबर होता का? माझं मन अजून थाऱ्यावर नाही. सीरियातली माणसं नंतरही मरतच राहिली. पण ज्याला मी मत देते त्याने मला न विचारता विमानं पाठवू नयेत, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडच्यांना यातली खरी मेख पक्षादेशात दिसेल. इथे महत्त्वाच्या मतदानाच्या सूचनेखाली तीन रेघा ओढलेल्या असतात. ती मोडली तर मंत्रिपद जातं, पक्षात कोपऱ्यात बसावं लागतं, पण खासदारकी राहते. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्वच जाऊ शकतं. सोलापूरच्या मतदाराने आपल्या खासदाराला कळवळून पत्र लिहिलं, तरी त्या बिचाऱ्याने करायचं काय? तो कायदा घोडेबाजार रोखायला आला हे मान्य, पण मतदाराच्या पत्रातली हवा त्यानेच काढून घेतली. इराक युद्धाचा निषेध आपल्या संसदेनेही एप्रिल 2003 मध्ये केला, आणि अमेरिका मागत होती तरी वाजपेयी सरकारने सैन्य पाठवलं नाही. पण कोणत्या खासदाराने कुणाच्या सांगण्यावरून काय केलं, हे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. इथे प्रत्येकाचं नाव 'हो' की 'नाही'च्या यादीत दुसऱ्या दिवशी छापून येतं.

याला एक काळी बाजूही आहे. इराक युद्धाच्या बाजूने दिलेल्या मतासाठी खासदार स्टीफन टिम्स यांना 2010 मध्ये त्यांच्या 'सर्जरी'त, म्हणजे खासदार मतदारांना भेटतो त्या बैठकीत, भोसकलं गेलं. ते वाचले. 2021 मध्ये खासदार डेव्हिड अमेस यांनाही सर्जरीतच भोसकलं गेलं, ते वाचले नाहीत. मारेकऱ्याने त्यांनी सीरियावरच्या हल्ल्यांच्या बाजूने दिलेल्या मताचं कारण दिलं. आता सर्जरीला आधी वेळ घ्यावी लागते, आणि कुणी कुरकुर करत नाही.

आणि मुळात मत घेतलंच पाहिजे असा कायदा नाही. युद्धाचा अधिकार अजूनही राजाच्या नावाने पंतप्रधानाकडेच आहे, 2003 नंतर पडलेला तो नुसता पायंडा. डिसेंबर 2015 मध्ये मत घेतलं आणि सीरियातल्या इसिसवर हल्ले करायला 397 विरुद्ध 223 ने मंजुरी मिळाली. आमच्या तेव्हाच्या खासदाराने 'हो' म्हटलं आणि मला दोन पानी कारणं पाठवली. एप्रिल 2018 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी विचारलंच नाही, ईस्टरच्या सुट्टीत शनिवारी पहाटे सीरियावर विमानं उडाली, चर्चा सोमवारी. जानेवारी 2024 मध्ये येमेनवरच्या हल्ल्यांच्या वेळीही आधी मतदान नाही.

म्हणून कायदाच करा, हे सांगायला मी आमच्या आताच्या खासदारबाईंच्या सर्जरीची वेळ मागितली. फोनवरच्या मुलीने विचारलं, "घराचा प्रश्न आहे की व्हिसाचा?" म्हटलं, युद्धाचा. "बरं," ती म्हणाली, "दहा मिनिटं पुरतील ना?"