तुम्ही विचारलंत म्हणून: झांव्हिये म्हणजे काय, आणि मूळचे कुठले?

माझ्या नावापुढे ‘झांव्हिये’ हे आडनाव पाहिले की प्रश्न ठरलेला असतो: ‘फ्रेंच दिसतंय, अर्थ काय हो याचा?’ अर्थ जानेवारी. हे ऐकून समोरचा माणूस थोडा हिरमुसतो, आणि मग खरा प्रश्न येतो: ‘तसं नाही, म्हणजे मूळचे कुठले?’ पहिल्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर मी आजवर टाळत आले. परंतु त्यामुळे लोकांनी आपापली उत्तरे तयार केली असून ती तेच मला ऐकवू लागले आहेत. एका दूरच्या वहिनींनी तर आमचे घराणे सरदारांचे असल्याचे परस्पर जाहीर करून टाकले आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हे कशासाठी विचारतात, ते आपण सगळे जाणतो. माझे माहेरचे आडनाव जोशी. जोशी म्हणजे काय असे मला कधी कोणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर त्या नावातच मिळालेले असे. फार तर देशस्थ की कोकणस्थ एवढी चौकशी उरे. झांव्हियेमध्ये ते मिळत नाही, म्हणून अर्थाच्या वाटेने मुळाकडे जाण्याचा प्रयत्न होतो. यात मी कोणाला नावे ठेवत नाही. फ्रान्समध्ये आल्यावर मीही इमारतींच्या दारातल्या टपालपेट्यांवरची नावे वाचत असे आणि प्रत्येक नावामागे एक कूळ शोधत असे.

तो छंद सोपा होता, कारण फ्रेंच आडनावांची जडणघडण आपल्याला परकी वाटत नाही. कोणाचे आडनाव पूर्वजाच्या बाप्तिस्म्याच्या नावावरून आलेले असते. मार्तां हे फ्रान्समधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव असे आहे, आणि त्यामागे तूर शहराच्या संत मार्तांची लोकप्रियता आहे. कोणाचे जागेवरून येते: द्युपाँ म्हणजे पुलाजवळचा, द्युब्वा म्हणजे रानाजवळचा. कोणाचे अंगलक्षणावरून किंवा स्वभावावरून: पती म्हणजे बुटका किंवा धाकटा, मोरो म्हणजे सावळा. आपल्याकडचे टकले, वाकडे, बोबडे याच पंगतीतले. लरवा म्हणजे राजा खरा, पण त्या घराण्यात राजा कधी झालेला नसतो. कोणी पूर्वज नाटकात राजाचे सोंग घेई, किंवा राजासारखा तोरा मिरवी, एवढेच. उरली धंद्यावरून आलेली नावे, आणि त्यांत माझा सर्वांत आवडता लोहार. उत्तरेत तो लफेव्र, दक्षिणेत फाब्र किंवा फोर, आल्प्सकडे फाव्र, ब्रतान्यमध्ये ल गॉफ आणि अल्सासमध्ये श्मित. लफेव्रची तर आणखी गंमत आहे. लॅटिनमध्ये लोहाराला ‘फाबेर’ म्हणत, म्हणून शिकलेल्या लेखनिकांनी त्या नावात न उच्चारला जाणारा एक ‘ब’ घुसडला. त्या काळी ‘उ’ आणि ‘व’ एकाच अक्षराने लिहीत, त्यामुळे पुढच्यांनी ते ‘लफेब्यूर’ असे वाचले, आणि त्या चुकीच्या वाचनाचेही एक स्वतंत्र आडनाव होऊन बसले. बोलण्यातले नाव एकदा वहीत चढले की वहीच शहाणी ठरते. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५३९ साली व्हिलेर-कोतरेच्या फर्मानाने धर्मगुरूंना बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवायला लावल्या. पुढे क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरे नाव कोणी धारण करू नये असा कायदा झाला. तो आजही लागू आहे, आणि त्यामुळे फ्रेंच कायद्याच्या दृष्टीने मी अजून जोशीच आहे. झांव्हिये हे लग्नामुळे मला वापरायला मिळालेले नाव आहे. ‘लग्नानंतर नाव बदललंत का?’ या प्रश्नाचे उत्तरही यातच आले.

‘आडनावाआधी द, म्हणजे आपला चा, असला की उमराव ना?’ असेही विचारतात. नाही. द्युपाँमधला ‘द्यु’ हा त्याच ‘द’चा भाऊ आहे, आणि पुलाजवळ राहायला उमराव असावे लागत नाही. कादंबरीकार बाल्झाकच्या शेतकरी कुळातल्या वडिलांनी मूळच्या ‘बालसा’चे ‘बाल्झाक’ केले, आणि ‘द’ त्यानंतर चिकटला. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणाऱ्या डी बॉइनचे आहे. शांबेरीतल्या एका केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी १७५१ साली जन्मलेल्या या सेनानीचे मूळ आडनाव लबॉर्न्य, म्हणजे एका डोळ्याने अधू असलेला. त्याला थोडी मुरड घालून त्याने ‘द ब्वान्य’ केले, आणि आपण त्याचे डी बॉइन केले. पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकलेल्या माणसालाही आडनावाचा अर्थ झाकावासा वाटला, हे मला एकेकाळी हास्यास्पद वाटत असे.

आता झांव्हिये. कोशात याचा उगम दोन तऱ्हांनी दिलेला असतो: नेपल्सच्या संत जानुआरियसच्या नावावरून पडलेले बाप्तिस्म्याचे नाव, किंवा जानेवारीत जन्मलेल्या अथवा सापडलेल्या मुलाला दिलेले नाव. माझ्या सासऱ्यांच्या घरी पहिली उपपत्ती चालत असे. नेपोलियनच्या सैन्यामागून नेपल्सहून एक गवंडी आला, लॉयर नदीच्या काठी स्थायिक झाला, आणि त्याच्या संताचे नाव घराण्याला मिळाले, अशी ती कथा. जेवणघरात संत जानुआरियसचे रंगीत चित्र आहे; वर्षातून ठरावीक दिवशी पातळ होते असे मानतात त्या रक्ताच्या कुप्या त्याच्यापुढे दाखवलेल्या आहेत.

माझी आत्या पुण्याहून आमच्याकडे आली तेव्हा सासऱ्यांनी तिला मुद्दाम जेवायला बोलावले. त्यांना मराठी येत नाही, तिला फ्रेंच येत नाही, मी मध्ये. आत्याने चित्राकडे पाहिले आणि मला म्हणाली, ‘विचार ना त्यांना, तुम्ही मूळचे कुठले?’ मी विचारले. सासरे खुलले आणि त्यांनी गवंड्याची गोष्ट थोडक्यात सांगितली.

अडचण अशी होती की खरी हकीकत मी आधीच वाचलेली होती. इथल्या जिल्हा अभिलेखागारांनी जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे करून ठेवली आहेत आणि ती घरबसल्या पाहता येतात. सासऱ्यांच्या पणजोबांच्या विवाहनोंदीत आई-वडील अज्ञात असे होते, आणि तिथून मी १८३४ च्या जन्मनोंदीपर्यंत गेले होते. १८११ च्या एका फर्मानानुसार ठिकठिकाणच्या अनाथाश्रमांच्या भिंतीत फिरती लाकडी पेटी बसवलेली असे. बाहेरून कोणी मूल ठेवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे, आतून पेटी फिरवून मूल घ्यायचे, म्हणजे कोणी कोणाचे तोंड पाहत नसे. १८०४ च्या नागरी संहितेनुसार अशा मुलाचे दिसणारे वय, लिंग, कपडे, सोबतच्या वस्तू आणि त्याला दिलेले नाव हे सर्व नोंदवावे लागे. त्या नोंदीत होते: मुलगा, अंदाजे आठ दिवसांचा, सुती टोपी, जुन्या शालीचा तुकडा, मनगटाला दोऱ्याने बांधलेला, खेळण्याच्या पत्त्यांतला एक अर्धा कापलेला पत्ता. मूल परत न्यायला कधी आलेच तर ओळख पटावी म्हणून आया अशा खुणा ठेवत. नाव दिले: पिएर झांव्हिये. महिना जानेवारी. त्याच वहीत पुढे, त्याच हस्ताक्षरात, एका मुलीचे आडनाव फेव्रिये, म्हणजे फेब्रुवारी. संत जानुआरियसचा सण तर १९ सप्टेंबरला येतो. कारकुनाने संताकडे नव्हे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले होते.

हे मी फक्त नवऱ्याला सांगितले होते. त्या दिवशी मी गवंड्याची गोष्ट आत्याला मराठीत सांगितली, आणि सांगता सांगता, मराठीच्या आडोशाला राहून, ‘पण खरं तसं नाही’ असे म्हणून पेटीचे आणि पत्त्याचेही सांगितले. आत्याचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, ‘म्हणजे कोणाचं कोण, काहीच कळायचं नाही.’

सासरे माझ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, ‘मी तीन वाक्यं बोललो. तुझं भाषांतर एवढं लांब कसं?’

तेव्हा मी त्यांना फ्रेंचमध्ये सर्व सांगितले. नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला, पण मी थांबले नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला: ‘हे शोधायला तुला कोणी सांगितलं होतं?’ दुसरा: ‘आणि या बाई आत्ता काय म्हणाल्या?’ मी म्हटले, त्यांना वाईट वाटले. ते म्हणाले, ‘वाईट वाटायला ते मूल त्यांचं कोण लागत होतं?’ मग त्यांनी आत्याला चीज वाढले आणि हवेविषयी बोलायला सुरुवात केली, आणि तेही मला भाषांतरित करावे लागले.

तेव्हाची मी आजच्या मला ठणकावून सांगते की केले ते योग्यच केले. एका जिवंत बाळाच्या जागी कधी नसलेला गवंडी बसवणे हा त्या बाळाचा आणि त्याला पेटीत ठेवून गेलेल्या बाईचा अपमान आहे. दालांबेरसारखा गणितज्ञ १७१७ साली पॅरिसमध्ये सें-जाँ-ल-राँ या प्रार्थनामंदिराच्या पायरीवर सापडला आणि त्याचे नाव जाँ ल राँ पडले, हे फ्रान्स अभिमानाने सांगते. मग आमच्याच घरात लपवायचे कशाला? आजची मी तिला विचारते: तुला त्या बाळाची एवढी काळजी होती, तर वही मिळाल्याबरोबर सासऱ्यांसमोर नेऊन का ठेवली नाहीस? आत्याला मराठीत कुजबुजून सांगण्यात बाळाचा कोणता मान राखला गेला? आणि हेही विचारते की त्या नोंदीतून मूळ कळले असे तू कशावरून म्हणतेस? माग कुठे संपतो, एवढेच तिच्यात लिहिले आहे. गवंडी खोटा हे मी मानते. पण पेटी म्हणजे मूळ, हेही मला पटत नाही. आणि आत्याच्या त्या वाक्याचा मला राग आला, तो नेमका कशाचा? ते मी मनात कधीच म्हटले नव्हते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

चित्र अजून भिंतीवर आहे. पुष्कळ दिवसांनी सासऱ्यांनी फोनवर, दुसऱ्याच कसल्या बोलण्यात, पत्ता कोणता होता म्हणून विचारले. नोंदीत ते लिहिलेले नाही.

आता नवा प्रश्न सुरू झाला आहे, तोही सांगून टाकते. १ जुलै २०२२ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आयुष्यात एकदा, कारण न देता, नगरपालिकेत अर्ज करून आई-वडिलांपैकी दुसऱ्याचे आडनाव घेता येते. अर्ज दिल्यावर किमान एक महिन्याने पुन्हा जाऊन तो कायम करावा लागतो. माझा मुलगा लवकरच सज्ञान होईल, आणि ‘मग तो जोशी लावणार का?’ असे पुण्याहून विचारणे होते. त्याने अर्जाचा नमुना उतरवून घेतला आहे. पुण्यात जोशी लावले तर प्रश्न कमी होतील आणि इथे वाढतील, असा त्याचा हिशेब आहे, आणि तो चुकीचा नाही. आजोबांनाही त्याने सांगून टाकले. त्यांनी जोशीचा अर्थ विचारला. मी सांगितले, ज्योतिष पाहणारे.

‘तुझे वडील पाहत होते?’

‘नाही. ते पाटबंधारे खात्यात होते.’